मऊला गेलेला डबा

“रिक्त? कोणी लिहिलं हे रिक्त? किसने लिखा, भिया? नाव सांगा त्याचं, मी त्याला पुन्हा पहिलीत बसवते!”

ओरडत होते ती मीच. माझा आवाज मुळात असा, की वर्गात नकाशा लावून मी ‘हिमालय’ म्हटलं तर शेजारच्या वर्गातल्या पोरी स्वेटर चढवायच्या. त्यात मांडवात दोन कूलर घरघरत होते, म्हणून मी आणखी एक पट्टी वर गेले. कूलर बंद पडले. लाइट गेली होती असं लोक म्हणतात. म्हणोत.

मांडव घातला होता छोट्या लाइनच्या, म्हणजे मीटरगेजच्या, जुन्या माल धक्क्यावर, जुन्या इंदूरच्या पाठीमागे. धक्का म्हणजे मालगाडीच्या डब्याच्या उंबऱ्याइतका उंच, लांबच लांब दगडी ओटा. डबा त्याला लागला, की हमाल पोतं पाठीवर घेऊन सरळ आत चालत जायचा. छोटी लाइन गेली, गाड्या गेल्या, रूळही बरेचसे गेले. धक्का तेवढा राहिला, कारण तो उचलून न्यायला अजून कोणाला जमलं नाही. आता तिथे पार्किंग, खाण्याची चौपाटी आणि फोटो काढण्यासाठी एक इंजिन असं काहीबाही होणार, आणि त्याच्या नकाशावर हरकती ऐकायला एक तरुण साहेब खुर्ची टाकून बसला होता.

नकाशात चौपाटी गुलाबी, पार्किंग निळं, आणि मधोमध पांढराफटक पट्टा. त्यावर छापलं होतं: ‘रिक्त भूमि’.

“मॅडम, रिक्त मतलब खाली,” साहेब नम्रपणे म्हणाला.

“मतलब मला ठाऊक आहे, बेटा. मी अर्ध्या इंदूरला भूगोल शिकवला आहे. उरलेलं अर्धं इंदूर म्हणूनच रस्ता चुकतं.”

माझ्यासोबत राजेंद्र नगरहून आलेले शेजारी भालेराव मागून कुजबुजले, “ताई, बीपी.”

पण बीपी त्या शब्दामुळे नव्हतं चढलं. पांढऱ्या पट्ट्याच्या दक्षिणेच्या टोकाला एक बोटभर चौकोन होता, त्यावर लाल फुली आणि बारीक अक्षरांत ‘अतिक्रमण’. तो चौकोन म्हणजे गेंदाबाईची खोली. युक्तिवाद सरळ होता: जमीन पहिल्यापासून रिकामी, म्हणजे तिथे कोणाला कोणी ठेवलेलं असणं शक्य नाही, म्हणजे जी बाई तिथे आहे ती घुसलेली आहे, म्हणजे तिने महिन्याभरात निघावं. एक शब्द खरा मानला की पुढचं सगळं कसं रुळावरून घसरत खाली येतं पाहा!

गेंदाबाई मांडवात नव्हती. ती धक्क्याच्या पलीकडच्या टोकाला झाडत होती. गेली साठ वर्षं ती तेच करते आहे. झाडूच्या जिवावर देशभर छाती फुगवून फिरणाऱ्या या शहराने, स्वच्छतेचं बक्षीस नावाची गोष्ट निघायच्या आधीपासून झाडणाऱ्या बाईला अतिक्रमण म्हणावं! मला सांगा, ओरडू नको तर काय भजन म्हणू?

आणि हे सगळं नेमकं गव्हाच्या सीझनमध्ये.

सीझन म्हणजे आमच्याकडे एकच. बाकीचे ऋतू येतात नि जातात, त्यांना आम्ही मोसम म्हणतो. सीझन गव्हाचा. होळी झाली, की माळव्यातल्या घराघरांत वर्षाचा गहू येऊन पडतो. गच्चीवर जुनी लुगडी अंथरून त्याला ऊन दाखवायचं, एरंडेलाचा हात लावायचा, कडुलिंबाचा पाला थरांत घालायचा आणि पत्र्याची कोठी गळ्यापर्यंत भरायची. त्या दिवसांत गल्लीतून चाललं, की पायाखाली दाणे करकरतात, नाकात भुसा जातो आणि अख्खं शहर एका सुरात शिंकतं. मुलं म्हणतात, “आई, पॅकेट का आटा ले लो ना.” मी त्यांना उत्तर देत नाही. काही प्रश्नांना उत्तर दिलं की ते वाढतात.

माझे बाबा याच धक्क्यावर माल बाबू होते. कोणत्या डब्यात काय चढलं, कुठे जाणार, हे बघणं त्यांचं काम. सीझनमध्ये ते घरी जेवायला येत नसत, म्हणून शाळा सुटली की मी डबा घेऊन जायचे. पितळी डबा, चार कप्पे, आणि उन्हाने तो इतका तापायचा की आईने कच्चं वरण दिलं तरी पोहोचेपर्यंत शिजलेलं असे. पायांत चप्पल असली तरी धक्क्याचा दगड तळवा शोधून काढून चावायचा.

काय नव्हतं हो तिथे! ‘रिक्त’वाल्या, जरा ऐक. गुळाच्या भेल्यांवर मधमाश्यांचा असा काळा डोंगर असायचा, की एकदा हमालांनी गूळ समजून मधमाश्याच डब्यात चढवल्या. तागाच्या पोत्यांचा ओलसर वास, सरकीच्या पेंडीचा तेलकट वास, रुळांखालच्या स्लीपरांवरच्या डांबराचा वास. ज्या दिवशी निमाडची लाल मिरची उतरायची, त्या दिवशी जुन्या इंदुरात लग्नाची बोलणी कोणी ठेवत नसत. दोन्हीकडची माणसं रडत बसायची आणि होकार कोणता नि नकार कोणता काही कळायचं नाही. हमालांचे लोखंडी आकडे पोत्यात खचकन शिरायचे. दलाल परखीची पोकळ सळी पोत्यात खुपसून मूठभर गहू काढायचे, दाताखाली एक दाणा फोडायचे आणि अशा चेहऱ्याने मान हलवायचे, की जणू त्या दाण्याने त्यांच्याशी खासगी काही बोलणं केलं आहे. आणि दुपारी शंटिंगचं इंजिन डबे एकमेकांवर ढकलायचं, तो आवाज एका टोकाला सुरू होऊन दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचा. आमच्या घरी तोंडातून शब्द फुटायला उशीर लागणाऱ्या पाहुण्याला बाबा म्हणायचे, “थांबा, यांचा शेवटचा डबा अजून हलायचा आहे.”

आणि या सगळ्याच्या मागून, कंबरेत वाकून, गेंदा. तेव्हा ती नवी सून होती, लाल लुगड्यातली. नवरा हमाल. रात्रंदिवस धान्याची राखण हवी, म्हणून दोघांना धक्क्याच्या टोकाची खोली दिली होती. सांडलेलं धान्य झाडून गोळा करणं तिचं काम. सूप असं पाखडायची, की एकाच ढिगातून गहू एकीकडे, हरभरा दुसरीकडे, खडे तिसरीकडे. मी तर सांगते, ती मनात आणती तर सरबती गहू वेगळा आणि लोकवन वेगळा काढती. शेवटची मूठ मात्र ती सुपात ठेवत नसे. रुळांत भिरकावून द्यायची, कबुतरांसाठी. मला हाक मारायची, “ए बेबी!” आज मी सत्तरीला टेकले, गुडघे बदलून झाले, तरी तिच्यापुरती मी बेबीच आहे.

आता मऊच्या डब्याची गोष्ट. इंदुरात अशी मराठी पंगत नसेल, जिथे मी ती सांगितली नाही.

इथून जवळच महू. आता त्याचं सरकारी नाव निराळं आहे, पण तोंडात महूच. आम्हा इंदूरच्या मराठी लोकांची जीभ अशी मऊ, की मधला ‘ह’ पिढ्यान्‌पिढ्या गिळून बसलेली. “उद्या मऊला जाऊन येतो,” असंच आम्ही म्हणतो. डब्याच्या अंगावर कुठे जायचं ते खडूने लिहीत. कागदाची चिठ्ठीही लावत, पण ती वाटेत उडायची. वाचला जायचा तो खडू. तर एका सीझनला महूसाठी गव्हाचा एक डबा भरला आणि त्याच्यावर लिहिलं गेलं ‘मऊ’. आता मऊ नावाचं खरोखरीचं एक मोठं गाव आहे, थेट उत्तर प्रदेशात, आणि तिथेही तेव्हा छोटीच लाइन होती. डबा निघाला. सकाळी निघून दुपारी पोहोचायचा तो अजमेर बघून आला, आग्रा बघून आला, शरयूकाठी त्याने चातुर्मास केला. छपराला भोक होतं. पावसाळा आत शिरला. आणि दिवाळीच्या सुमाराला तो डबा इंदूरला परत लागला तेव्हा, देवाशप्पथ, हिरवागार होता! दाराच्या फटींतून गव्हाची पाती बाहेर, वर ओंब्या डोलताहेत, मागे रतलामपासून चालत आलेल्या अकरा बकऱ्या. स्टेशन मास्तरने टोपी काढली. बाबा म्हणाले, “हा माल चढवला तेव्हा कोरडा होता, आता पीक आहे, याची पावती मी कशी लिहू?”

इथे पंगत हसते. मग कोणीतरी विचारतं, “पण मऊ लिहिलं कोणी?” आणि मी पापड मोडत सांगते, “होता कोणी रतलामकडचा, सांधे बदलणारा पॉइंटमन. तर्र होता मेला.”

चाळीस वर्षं हे वाक्य सांगते आहे. मोडलेल्या पापडाचे तुकडेसुद्धा ठरलेले आहेत.

मांडवात साहेबाने विचारलं, “मॅडम, यहाँ कोई रहता था, काम करता था, इसका कुछ बताइए ना.” मला काय, हिरवा कंदीलच मिळाला. मी सुरू केलं. मिरची सांगितली, मधमाश्या सांगितल्या, आणि म्हटलं, आता पुरावाच देते, तर मऊचा डबा सोडला. मांडव खदखदून हसला. मागून एक जण ओरडला, “मॅडम, आप हमको आठवीं में भी यही सुनाती थीं, तब बकरियाँ सात थीं!” दुसरा म्हणाला, “लंबी है भिया, अपनी लाइन से भी लंबी!” साहेबही हसला, आणि हसतहसत त्याने कागद पालटला.

तो पालटलेला कागद मला दिसला. धक्क्यावर बाबांबरोबर काम केलेले सगळे गेले. हमाल गेले, दलाल गेले, गेंदाचा नवरा कधीच गेला. गेंदा उरली, पण तिला लिहिता येत नाही, आणि अतिक्रमणाची साक्ष कोण धरतो? इथे काय होतं हे सांगू शकेल असं एकच माणूस शहरात उरलं, आणि ते नेमकं मी! जिच्या बकऱ्या दर वर्षी वाढतात, ती मी. संताप साहेबाचा होताच. पण आता त्यातला अर्धा वळून माझ्यावर येऊन बसला.

“बेटा, ते पान उघडं ठेव,” मी म्हटलं. “मी घरी जाऊन येते.”

भालेरावांनी रिक्षा थांबवली.

आमच्या कोठीच्या तळाशी एक कागद असतो. लहानपणापासून असतो. सीझन आला, कोठी रिकामी झाली, की आई ती धुऊन अंगणात उलटी घालायची आणि तो कागद काढून पाटावर ठेवायची, वर वरवंटा. दिवसभर त्याला ऊन दाखवायची. संध्याकाळी कडुलिंबाच्या पाल्याखाली पुन्हा तळाशी, वरून वर्षभराचा गहू. आम्ही विचारलं, तर म्हणायची, “कोठीची पत्रिका आहे ती. हात लावू नका, धान्याला कीड लागते.” आम्ही मानलं. त्याच दिवशी नव्या गव्हाची पहिली पोळी, वर तुपाचा गोळा, फडक्यात बांधून धक्क्यावर जायची, गेंदासाठी. आईचा दानधर्म, असं मी समजत होते. तीही गोष्ट मी वर्गात सांगितली आहे. त्यात पोळी बैलगाडीच्या चाकाएवढी होती.

आई गेल्यावर पहिल्या सीझनला कोठी मी उघडली. कागद वाचला. आणि घडी घालून, पाला टाकून, वर गहू ओतून, पुढच्याच महिन्यात एका बारशाला जाऊन मी रतलामच्या पॉइंटमनला पुन्हा दारू पाजली.

मांडवात परत आले तेव्हा साहेब चहा पीत होता. कूलर सुरू झाले होते. मी कागद उलगडला. घडीवर चिरलेला, कडुलिंबाने तपकिरी झालेला, पण साठ उन्हं खाल्लेली अक्षरं अजून ठणठणीत. बाबांवर झालेल्या चौकशीची प्रत होती ती. त्यात लिहिलं होतं, की माल धक्क्यावरील बाबूने आपल्या बोलण्याच्या सवयीने डब्यावर महूऐवजी मऊ लिहिलं. की प्रथम संशय शंटिंगच्या पोर्टरवर गेला होता. की बाबूच्या स्वतःच्या विनंतीवरून साक्ष घेतली ती गेंदा, झाडूवाली, मुक्काम माल धक्का, दक्षिण टोकाची खोली, हिची: “बाबूने माझ्यासमोर खडूने लिहिलं.” खाली तिचा अंगठा, जांभळा, एवढासा, मटारच्या दाण्यासारखा. आणि त्याच्याही खाली बाबांच्या मोत्यासारख्या अक्षरात, मराठीत: “चूक माझी आहे. कोणा दुसऱ्याची नाही.” त्यांची बढती त्यानंतर थांबली ती थांबलीच.

हे सगळं मी वाचलं, मोठ्याने. राजेंद्र नगरची निम्मी मंडळी समोर बसली होती, ज्यांनी माझ्या पॉइंटमनवर चाळीस वर्षं टाळ्या दिल्या होत्या. बाबांनी एका वाक्यात जे दुसऱ्याच्या डोक्यावरून उतरवलं, ते मी पापडाबरोबर परत चढवत होते, दर पंगतीला, एका बिचाऱ्यावर जो जन्मालाच आला नव्हता. पण ज्याच्यावर पहिला संशय गेला तो पोर्टर तर जन्माला आला होता! त्याची मुलं इंदुरातच असतील. एखादा नातू माझ्या वर्गात बसूनही गेला असेल, हसूनही गेला असेल.

“यात नाव आहे,” मी साहेबाला म्हटलं. माझा आवाज तेव्हा म्हणे कूलरखाली ऐकू येत नव्हता. “काम आहे. खोली आहे. अंगठा आहे. आता सांग, रिक्त कुठे आहे?”

साहेब चांगला मुलगा. त्याने चहा बाजूला ठेवला, कागदाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले. “जाँच होने तक कोई नहीं हटाएगा, मॅडम,” म्हणाला. मग खिशातून पेन्सिल काढून त्याने ‘रिक्त भूमि’च्या शेजारी एक प्रश्नचिन्ह काढलं.

पेन्सिलीने! रिक्त छापील, अतिक्रमण लाल शाईत, आणि साठ वर्षं इथे राबलेली बाई पेन्सिलीने! खोडरबर कुठल्या खिशात होतं ते मी बघत राहिले. आणि ते फोटोसाठीचं इंजिन? त्याचं चित्रही नकाशाच्या कोपऱ्यात होतं: फायबरचं, मोराच्या निळ्या रंगाचं, आणि चाकांचं अंतर मोठ्या लाइनचं! जे इंजिन या यार्डात आलं असतं तर पहिल्याच वळणाला आडवं झालं असतं, ते तिथे थाटात उभं राहणार, लोक त्याला टेकून जीभ बाहेर काढणार, आणि इथे खरोखर उभ्या असलेल्या बाईला मात्र कागद दाखव म्हणणार. जे नव्हतं त्याला चबुतरा. जे होतं त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह. हेही मी साहेबाला सुनावलं. भालेराव या वेळी बीपी म्हणाले नाहीत. ते म्हणाले, “बरोबर आहे ताईंचं. चाकं खरंच चुकली आहेत.” चाळीस वर्षांत त्यांनी माझ्या कुठल्याही विधानाला दिलेली ही पहिली साक्ष.

मांडव उठला. ऊन कलतं झालं होतं. मी धक्क्याच्या कडेने दक्षिण टोकाकडे चालत गेले. नवे गुडघे, जुना दगड, दोघांची ओळख नव्हती. रुळांच्या जागी आता दोन खोल रेघा आहेत आणि त्यांत दर वर्षी गव्हाची चार-सहा रोपं उगवतात. कबुतरांकडून सुटलेल्या मुठींची नातवंडं. हे मी सांगते तेव्हा लोक हसतात, पण हे जाऊन बघता येतं. वाळलेल्या ओंब्या होत्या, उन्हात सोनेरी, वाऱ्याने खुळखुळत होत्या. गेंदाबाई त्यांना वळसा घालून झाडत होती.

मी तिच्याशेजारी बसले. पेन्सिलीचं सांगितलं. कागदाचं सांगितलं. ती ऐकत होती, मध्येच ‘हूं’ म्हणत होती, झाडूच्या काड्या जमिनीवर ठोकून सारख्या करत होती. पॉइंटमनचं सांगितलं तेव्हा तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा काड्या ठोकल्या.

माझी सगळी गोष्ट त्या दुपारी उतरवून झाली होती. पॉइंटमन गेला, बकऱ्या गेल्या, स्टेशन मास्तरची टोपी गेली. म्हटलं, एक तरी गोष्ट माझ्याकडे राहू दे.

“गेंदाबाई,” मी विचारलं, “पण तो डबा परत आला, तेव्हा तू इथेच होतीस ना? हिरवा होऊन आला होता ना तो?”

“खाली आयो थो, बेबी, एक दाणो नी थो,” ती म्हणाली, आणि तिने मला पाय वर घ्यायला सांगितले, खालचं झाडायचं राहिलं होतं म्हणून.